ड्रममधलं पाणी

एक जूनला समुद्रातली मासेमारी बंद होते आणि पुढच्या चार दिवसांत अंगदभाऊचं इंजिन गेवराईजवळच्या आमच्या तलवाड्याला येतं. रत्नागिरीहून नारळ घेऊन येणाऱ्या एखाद्या ट्रकमध्ये, जुन्या गोधडीत गुंडाळलेलं, दोरीने आवळलेलं. वजन पंचाहत्तर किलो. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं हे इंजिन. वर झाकणाखाली दोन सिलिंडरचं डोकं, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा. गावात ते उतरवायला चार माणसं लागतात आणि बघायला चाळीस जमतात.

"काय बे अंगद्या, समुंदर आटला का काय?" समोरच्या गॅरेजमधून यासीनभाई विचारतो. तो दर वर्षी हेच विचारतो.

"आटला न्हाई, सुट्टीवर हाय," अंगदभाऊ म्हणतो. तोही दर वर्षी हेच सांगतो.

बंदीचे दोन महिने इंजिन बंदरावरच्या शेडमध्ये ठेवता आलं असतं. बाकीचे ठेवतात. पण अंगदभाऊचा यासीनभाईच्या हातावर जेवढा विश्वास, तेवढा समुद्रकाठच्या कुठल्याच मिस्त्रीवर नाही. दोघं एका वर्गात होते. यासीनभाई बोअरमधल्या पाणबुडी मोटारी, डिझेल इंजिनं, फटफट्या सगळं दुरुस्त करतो. हे इंजिन त्याने पहिल्यांदा उघडलं तेव्हा प्रत्येक बोल्ट काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडला होता आणि शेजारी पेन्सिलने आकडे लिहिले होते. तो कागद अजून त्याच्याकडे आहे.

आमचं घर अंगदभाऊच्या भिंतीला भिंत लावून. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं आणि गेवराईत पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागलो. लोक बाटलीत बोअरचं पाणी आणून देतात, मी त्यातले क्षार मोजून कागद देतो. त्यामुळे गेल्या जूनमध्ये अंगदभाऊने मला विचारलं, "सत्यम, तू शिकलेला हायस. खाऱ्या पाण्यानं ह्याचं काय काय बिघडतं, सांग." मी सांगितलं. मीठ आतल्या अॅल्युमिनियमला खातं. ते धुऊन काढायचं तर इंजिन गोड्या पाण्यात चालवायला हवं.

"किती येळ?"

"रोज पंधरा मिनिटं," मी म्हणालो. रोज कशाला, याचा विचार मी केला नव्हता. सल्ला देताना आकडा सांगितला की तो पक्का वाटतो, एवढंच.

अंगदभाऊने अंगणात दोनशे लिटरचा ड्रम मांडला, लाकडी घोडीवर इंजिन टांगलं, पंखा काढून ठेवला आणि पाय ड्रममध्ये बुडवला. इंजिन खालून पाणी ओढतं, डोक्याभोवती फिरवतं आणि बाजूच्या एका भोकातून बारीक धार बाहेर टाकतं. धार बाहेर पडते आहे म्हणजे इंजिन थंड राहतं आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता इंजिन गर्जायचं, धार सुटून परत ड्रममध्येच पडायची, पाणी कोमट व्हायचं. थोडं शिंतोडे उडून जायचं, थोडं वाफ होऊन. वनमालावहिनी दुसऱ्या दिवशी बोअरची एक कळशी वर ओतून ड्रम परत काठोकाठ करायची. पाण्यावर तेलाचा तवंग आला की ती जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्यायची.

वहिनीला त्या इंजिनाविषयी काय वाटायचं ते ती बोलायची नाही. पण सहा वर्षांपूर्वीपर्यंत ती आणि अंगदभाऊ दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. मग एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर अंगदभाऊ रत्नागिरीला गेला, दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी झाला, पोहायला शिकला. तीन वर्षांपूर्वी त्याने अठ्ठावीस फुटी जुनी फायबरची होडी घेतली. तेव्हापासून वहिनी तोडीला गेलेली नाही. मुलगी प्रियदर्शनी आठवीत आहे, तीन वर्षं एकाच शाळेत सलग. तोडीला मजूर नेणारा मुकादम मात्र दर भाद्रपदात दारात येऊन जातो. या वर्षीही आला. वहिनीने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "दसऱ्याला सांगते. होडी चालली तर न्हाई, न्हाई चालली तर दोघंबी येतो."

होडी चालायची तर जलालुद्दीनचाचा हवेत. एकसष्ट वर्षांचे, रत्नागिरीचेच, चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. कुपा, ज्याला आपण ट्यूना म्हणतो, तो कुठल्या महिन्यात किती मैलांवर वर येतो, हे त्यांना ठाऊक. अंगदभाऊला अजून ठाऊक नाही. त्याला होडी हाकता येते, मासा ओढता येतो, पण नुसत्या पाण्यातून जागा ओळखता येत नाही. चाचांनी एकच अट घातली होती. "माझं वय झालं. लांब जाऊन इंजिन बंद पडलं, तर दुसऱ्या दिवशी मी माझ्या जावयाच्या ट्रॉलरवर. मग मला बोलवायला यायचं नाही."

ऑगस्टमध्ये इंजिन परत होडीला लागलं आणि सप्टेंबरच्या अखेरीस मी चार दिवसांची रजा काढून रत्नागिरीला गेलो. ट्यूनाचं रक्त गरम असतं, असं मी वाचलं होतं. बहुतेक माशांचं अंग पाण्याइतकंच थंड असतं. याचं नसतं. ते मला स्वतः मोजून बघायचं होतं. प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी मोज्यात गुंडाळून नेला.

पहाटे चार वाजता निघालो. चाचा सुकाणूला, अंगदभाऊ मध्ये, मी मागे इंजिनाजवळ. माझं काम एकच.

"मुततंय का?" चाचांनी विचारलं.

मला कळलं नाही. अंगदभाऊने इंजिनाच्या बाजूला सुटलेल्या धारेकडे बोट दाखवलं. "ती धार बघायची. चाचा इचारतील तवा मुततंय म्हणायचं."

"मुततंय," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोल. शाळेत नाहीस."

"मुततंय!"

दर पाच मिनिटांनी हा संवाद. उजाडलं तेव्हा किनारा दिसेनासा झाला होता. मोबाइलची रेंज त्याआधीच गेली. अठरा मैलांवर चाचांनी वेग कमी केला. दूर पाण्यावर पाखरं एकाच जागी झेपावत होती. मागे चार दोऱ्या सोडल्या, प्रत्येकीच्या टोकाला गळ आणि गळावर प्लास्टिकच्या रंगीत झिरमिळ्या. होडी चालती ठेवायची, म्हणजे झिरमिळ्या लहान मासळीसारख्या पळतात आणि कुपा त्यांच्यामागे येतो. अंगदभाऊने बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले. ते यासीनभाईने कापून दिले होते.

पहिली दोरी ताठ झाली तेव्हा होडीची कड खाली गेल्यासारखी वाटली. अंगदभाऊ ओढत होता, मासा खाली जात होता, तो थोडी सोडत होता, परत ओढत होता. पंधरा मिनिटांनी पाण्यात निळं काही वळलं. चाचांनी आकडी टाकली आणि दोघांनी मिळून तो आत घेतला. वीस किलोच्या आसपास, पाठ गर्द निळी, पोट चांदीसारखं, शेपटीजवळ बारीक पिवळे काटे ओळीने. तो आत येऊनही शेपटी मारतच होता, इतक्या वेगाने की फळीवर ढोल वाजत होता.

"हा थांबला की मरतो," चाचा म्हणाले. "तोंड उघडं ठेवून पळत राहायचं, तेव्हा कुठं कल्ल्यांतून पाणी जातं. झोपतोसुद्धा पोहतच."

चाचांनी रक्त काढून टाकलं. मी थर्मामीटर पाठीच्या जाड मांसात खुपसला. समुद्राचं पाणी अठ्ठावीस अंश होतं. पारा बत्तीसवर थांबला.

"बत्तीस," मी म्हणालो.

"धावणाऱ्याचं अंग गरम असतंच," चाचा म्हणाले. "त्यासाठी काच कशाला खुपसायची? बर्फ टाक लवकर, गरम मासा लवकर नासतो."

तासाभरात आणखी तीन मिळाले. चौथ्याला मी परत थर्मामीटर लावून बसलो होतो. पारा साडेबत्तीसवर गेला होता आणि मी वहीत आकडा लिहीत होतो.

"मुततंय का?"

मी वर पाहिलं. भोक कोरडं होतं. रंग जळाल्याचा वास येत होता.

"न्हाई," मी म्हणालो. तोंडून गावची बोली निघाली.

अंगदभाऊने उडी मारून इंजिन बंद केलं. आवाज थांबला आणि होडी आडवी झाली, लाटा बाजूने बसायला लागल्या. अंगदभाऊने झाकण काढलं, डोक्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. तो चर्र करून नाचत उडून गेला.

"हात लावू नका," चाचा म्हणाले. "थंड पाणीही एकदम टाकू नका, तडकेल. दम घेऊ द्या त्याला."

अर्धा तास आम्ही वाहत राहिलो. चाचांनी विडी पेटवली. अंगदभाऊ इंजिनाकडे बघत होता आणि मी अंगदभाऊकडे. त्याचा चेहरा दारात मुकादम बसलेला असताना दिसायचा तसा झाला होता.

"तुमच्या त्या गावच्या मिस्त्रीनं काय करून ठेवलंय कोण जाणे," चाचा म्हणाले.

"यासीनला काय बोलायचं न्हाई, चाचा," अंगदभाऊ म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याचा हात कधी चुकला न्हाई."

यासीनभाईने पाने कापडात गुंडाळून दिले होते, प्रत्येकावर खिळ्याने आकडा कोरलेला. इंजिन निवल्यावर अंगदभाऊने डोक्यावरचं एक छोटं झाकण खोललं. त्याखाली एक झडप असते, पाणी गरम झालं की ती उघडते आणि त्याला पुढे जाऊ देते. झडपेत पांढऱ्या कपच्या अडकल्या होत्या. अंड्याच्या कवचासारख्या, पण खरबरीत. आतल्या वाटाही जिथवर दिसत होत्या तिथवर पांढऱ्या.

"मीठ," अंगदभाऊ म्हणाला.

मीठ असतं तर ते समुद्राच्या पाण्यातही विरघळलं असतं. मी एक कपची तळहातावर घेतली. दुपारच्या डब्यात लिंबाची फोड होती. ती पिळली.

"हा काय सरबत करतोय?" चाचा म्हणाले.

कपचीवर बारीक बुडबुडे आले आणि फसफसले. ती चुन्याची होती. समुद्राच्या पाण्यात असा चुना दोन महिन्यांत बसत नाही. तो कुठून आला हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मी गप्प बसलो. लिंबाची साल पाण्यात टाकली, हात धुतला. अठरा मैलांवर खरं बोलायला माणसाला जास्त धीर लागतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

अंगदभाऊने कपच्या काढल्या, झडपच काढून ठेवली म्हणजे पाण्याला वाट मोकळी राहील. इंजिन सुरू झालं. धार आली, पण दोऱ्याएवढी.

"वेगात चालवलं तर परत तापेल," चाचा म्हणाले. "गोगलगाईसारखं जायचं. दहा मिनिटं चालवायचं, वीस मिनिटं थांबवायचं. बाहेरून थंड करत राहा."

बाहेरून थंड कसं करायचं हे अंगदभाऊला सांगावं लागलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये गावात मोटारी तापतात तेव्हा यासीनभाई त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकतो. बर्फाच्या पेटीवरचं गोणपाट त्याने ओढलं, तारांपासून जपून इंजिनाच्या डोक्याला गुंडाळलं आणि मगने पाणी घालायला लागला.

असे दोन तास गेले. चालायचं, थांबायचं. ऊन डोक्यावर आलं. किनारा अजून दिसत नव्हता. चाचा सुकाणूवरून मागे बघत होते आणि एकदम म्हणाले, "अंगद, काय करतोस रे?"

"पानी घालतोय."

"ते दिसतंय. खाली काय ठेवलंयस?"

अंगदभाऊने खाली पाहिलं. मीही पाहिलं. इंजिनाखाली त्याने बादली ठेवली होती. गोणपाटातून गळणारं पाणी तो त्या बादलीत धरत होता आणि त्याच बादलीतून मग भरून परत वर घालत होता. बादलीतलं पाणी आता हाताला चटका बसेल एवढं गरम झालं होतं. चहूबाजूंनी अरबी समुद्र होता.

"सवय हाय," अंगदभाऊ हळू म्हणाला.

चाचा आधी हसले नाहीत. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी ते इतके हसले की त्यांना सुकाणू दोन्ही हातांनी धरावं लागलं. "ओत ते बाहेर," ते म्हणाले. "संपणार नाही. माझ्या आजोबांपासून आम्ही उपसतोय."

अंगदभाऊने बादली समुद्रात रिकामी केली. ओतताना तो क्षणभर थांबला, हे मी पाहिलं.

मग मला गप्प बसवेना.

"चाचा, यासीनभाईची चूक नाही," मी म्हणालो. "माझी आहे." आणि सगळं सांगितलं. आमच्या बोअरच्या पाण्यात लिटरला नऊशे मिलिग्रॅम कठीणपणा, म्हणजे विरघळलेला चुना आहे. सहाशेच्या वर गेलं तर मी लोकांना लाल शाईने लिहून देतो. तेच पाणी मी रोज पंधरा मिनिटं इंजिनात फिरवायला सांगितलं. आणि ड्रम एकदाही रिकामा झाला नाही. पाणी तापायचं, वाफ जायची, चुना मागे राहायचा, वर नवी कळशी. दोन महिने इंजिन अधिकाधिक घट्ट होत गेलेलं पाणी पीत होतं. "दोन दिवसांतून पाच मिनिटं चालवलं असतं आणि पाणी बदललं असतं तर काही झालं नसतं. मी पाणी बदला असं म्हणालोच नाही. तो ड्रम मी रोज बघत होतो."

अंगदभाऊ माझ्याकडे बघत राहिला. "तू म्हनला असतास तरी कोन ओतून देनार होतं?" तो म्हणाला. "दोनशे लिटर पानी?"

चाचांनी विडी विझवली. "म्हणजे याला मुतखडा झालाय."

"आमच्या गावात घरटी एक हाय," अंगदभाऊ म्हणाला. "माझा दोन वर्सांपूर्वी पडला."

संध्याकाळी सहाला आम्ही बंदरात आलो. मासे उतरवले, बर्फ पुरला होता. मग चाचांनी फळीखालून आपली दोऱ्यांची पेटी काढली, पिण्याच्या पाण्याचा कॅन उचलला आणि घरी निघाले. तांडेल रोज रिकाम्या हाताने घरी जातो, त्याचं सामान होडीत राहतं. हे मला ठाऊक नव्हतं. अंगदभाऊने सांगितलं, तेही रात्री जेवताना, ताटाकडे बघत.

"शब्दाचे पक्के हायेत ते," तो म्हणाला.

सकाळी मी किराणा दुकानातून व्हिनेगरच्या बाटल्या आणल्या. फोनवरून यासीनभाई एकेक बोल्टचा आकडा सांगत होता आणि अंगदभाऊ खोलत होता. "आता डाव्या अंगाचा अकरा नंबर. हळू बे, झाकन हाय, नारळ न्हाई." डोकं उघडलं तेव्हा आत वहिनीच्या पाणी तापवायच्या हंड्यासारखा पांढरा थर होता. आम्ही व्हिनेगर ओतलं. फेस आला, खाली बसला, परत ओतलं. चौथ्या वेळेला धातू दिसायला लागला.

चाचा कधी येऊन मागे उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी काठीने तो फेस ढवळून पाहिला. इंजिन परत जोडून होडीला लावलं, पाण्यात सोडलं, दोरी ओढली. धार दोन हात लांब जाऊन पडली.

चाचा तिच्याकडे बराच वेळ बघत होते. अर्धा तास चालवायला लावलं, मग पूर्ण वेगात बंदराच्या तोंडापर्यंत नेऊन आणायला लावलं. परत आल्यावर इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि तो ठेवलेलाच राहू दिला.

"मुततंय," ते म्हणाले. मग अंगदभाऊला म्हणाले, "इंजिन बंद पडलं तर जाईन म्हणालो होतो. पडलं. पण बंद पडल्यावर कोण काय करतं तेही बघायचं असतं. मिस्त्रीवर ढकललं असतंस, तर आलो नसतो." माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू. पुढच्या वेळी काच घरी ठेवून ये, धार बघ."

ते घरी गेले आणि दोऱ्यांची पेटी घेऊन परत आले. ती फळीखाली सरकवली. कॅनही ठेवला.

"तो ड्रम अजून तसाच आहे?" त्यांनी विचारलं.

अंगदभाऊने मान हलवली. "भरलेला हाय. पुढच्या वर्सासाठी ठेवलाय."

"आत्ता फोन लाव."

त्याने लावला. फोनचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू आलं. वहिनीने हॅलो म्हटलं नाही. कालचं यासीनभाईकडून तिला कळलं असणार.

"आधी हे सांगा," ती म्हणाली, "चाचा हायेत का गेले?"

"हायेत. हितंच बसलेत होडीत. परवा परत मासं धरायला जातोय."

पलीकडून अंगणातल्या कोंबड्या हुसकावल्याचा आवाज आला.

"बरं," वहिनी म्हणाली. "मुकादमाला निरोप धाडते."

"आनि ऐक, ड्रममधलं पानी ओतून दे."

"किती?"

"सगळं."

"सगळं?" तिने विचारलं. "कशावर ओतू? तेल हाय त्याच्यात. झाडाला चालत न्हाई, गुरं तोंड लावत न्हाईत."

अंगदभाऊने माझ्याकडे पाहिलं, मी चाचांकडे. चाचांनी बंदरातल्या पाण्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाली. "यासीनभाईच्या गॅरेजपुढं फुफाटा लई झालाय. थोडं थोडं मारते तिथं. आठ दिवस पुरंल."